सशाचे पोट आणि धान्याची मूठ

मुलांच्या हौसेखातर घरी ससा येतो आणि कोणीतरी मायेने त्याच्यापुढे मूठभर गहू-मका ठेवते. ती मूठ त्याला जड जाते. ससा मुळात गवतावर जगणारा. त्याच्या आतड्यातील जिवाणू तंतुमय चारा पचवतात. पिष्टमय धान्य वाढले की तेथील समतोल ढळतो, पोट फुगते, जुलाब लागतात. त्याला उलटीही होत नाही. दात आयुष्यभर वाढतात. ते झिजण्यासाठीही सुके गवत सदैव समोर हवे. निरोगी, प्रौढ सशाला क्वचित चमचाभर साधे ओट्स पुरेत. पिलांना तेही नकोत. दुकानातील कुबट, बुरशी लागलेला मका ‘जनावरांना होईल’ म्हणून बाजूला काढण्याची रीत तर येथे सर्वथा घातक. सशाने अर्धा दिवस तोंड लावले नाही, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.