निवेदन पोहोचते, विषय पोहोचत नाही

रस्त्यावरचे दिवे बंद असोत, उद्यानासाठी राखीव भूखंडावर झालेले अतिक्रमण असो वा उन्हाळ्यात रोडावलेला पाणीपुरवठा. वस्तीतील शंभर-दोनशे रहिवाशांच्या सह्या गोळा करायच्या, शिष्टमंडळ घेऊन प्रभाग कार्यालय गाठायचे आणि अधिकाऱ्यांच्या हाती निवेदन सोपवायचे, हा नागरी महाराष्ट्राचा रूढ शिरस्ता आहे. निवेदनावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो, ‘पाहतो’ असे आश्वासन मिळते आणि विषय थंडावतो. याचे खापर सहसा अधिकाऱ्यांच्या अनास्थेवर फोडले जाते. ती अनास्था नाकारण्याचे कारण नाही; पण मूळ दुखणे व्यवस्थेच्या रचनेत आहे. एकट्या नागरिकाच्या तक्रारीसाठी कायद्याने आणि शासन निर्णयांनी अनेक दारे उघडली. शहरातील रहिवाशांनी एकत्र येऊन केलेली मागणी सभागृहापर्यंत नेणारे हक्काचे दार मात्र अद्याप किलकिलेच आहे.

एकट्याला दारे अनेक

गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने गृहीत धरला आहे. तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही प्राधिकरणाकडे तेथे वापरात असलेल्या भाषेत निवेदन देता येते. लोकसभेत याचिका समिती आहे, राज्य विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. महापालिकेच्या सभागृहात विषय येतो तो प्रामुख्याने आयुक्तांच्या प्रस्तावातून, समित्यांच्या शिफारशींतून किंवा नगरसेवकाने दिलेल्या ठरावाच्या सूचनेतून. हजार सह्यांचे निवेदनही नगरसेवकाने हाती घेतल्याखेरीज विषयपत्रिकेवर चढणे दुरापास्त असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने नागरिकाला विहित मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. सबळ कारणाविना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूदही केली. परंतु जन्मदाखला, नळजोडणी, मालमत्ता कराचा उतारा अशा अधिसूचित सेवांपुरताच हा हक्क आहे. ‘आमच्या वस्तीला दवाखाना द्या’ ही मागणी त्यात बसत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात अर्ज वैयक्तिक स्वरूपाचाच असावा, अशी अट आहे. म्हणजे नागरिक एकटा आला तर त्याचे ऐकण्याची सोय आहे. पाचशे जण मिळून आले, तर त्यांचे काय करायचे याचे उत्तर या यंत्रणेपाशी नाही.

गाव पुढे, शहर मागे

याबाबतीत खेड्यातील मतदार शहरवासीयांहून अधिक सुदैवी ठरतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावच्या मतदारयादीतील प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्तीसाठी पुरते. अनेक ग्रामसभा कागदोपत्रीच पार पडतात, हे खरे; तरीही जागरूक गावकऱ्यांना सरपंचांसमोर उभे राहून विषय मांडण्याची आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेण्याची हक्काची जागा आहे.

शहरांसाठी असा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. पुढे २००९ मध्ये महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत दुरुस्ती करून महाराष्ट्राने ‘क्षेत्रसभे’ची तरतूद केली. मतदारांनी एकत्र जमावे, गरजा सांगाव्यात, प्राधान्यक्रम ठरवावा, ही त्यामागची कल्पना होती. पण क्षेत्रसभा प्रत्यक्षात भरवा, ही मागणीच नागरी संघटनांना वर्षानुवर्षे करावी लागली. त्यातच मुंबई वगळता अन्य महापालिकांत बहुसदस्यीय प्रभागपद्धती असल्याने एकाच प्रभागाचे चार-चार नगरसेवक असतात. निवेदन चौघांकडे जाते, जबाबदारी मात्र एकाचीही ठरत नाही.

सह्यांना वजन कोठे?

सामूहिक मागणीला कायद्याने वजन दिले, की काय घडू शकते याचे ठळक उदाहरण ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाचे आहे. हे निवेदन नगरपालिकेकडे नव्हे, तर उत्पादन शुल्क यंत्रणेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. पण त्याची रचना बोधप्रद आहे. राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी दारू दुकान बंद करण्याची लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. एकूण महिला मतदारांपैकी, म्हणजे केवळ मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला कौल दिला, की दुकानाला टाळे लागते. अट कठीण आहे. परंतु किती सह्या, कोण तपासणार आणि पुढे काय होणार, हे तिन्ही प्रश्न आधीच निकाली निघालेले आहेत.

दुसरे उदाहरण विकास आराखड्याचे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागवणे आणि त्यांवर सुनावणी घेणे हा उपचार नसून वैधानिक टप्पा आहे. मुंबईच्या २०१५ मधील प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती आल्या, टीकेची झोड उठली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने आराखडा नव्याने तपासण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले. या दोन्ही ठिकाणी सह्यांमागे कायदा उभा होता. एरवी तो नसतो.

प्रशासक काळाचा धडा

नगरसेवक हाच दुवा असेल, तर तो नाहीसा झाल्यावर काय होते, हे राज्याने नुकतेच अनुभवले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. राज्यातील बहुतेक महापालिकांचा कारभार या काळात दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला. सभागृहाचे अधिकारही प्रशासकाकडेच होते. ज्याच्या कारभाराविषयी तक्रार, त्याच्याच मेजावर निवेदन, अशी अवस्था झाली. आता सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत. पण नागरिकांच्या मागणीचा मार्ग २०२२ पूर्वी होता तेवढाच अरुंद राहिला, तर या चार वर्षांतून कोणी काही शिकले असे म्हणता येणार नाही.

आहे त्या चौकटीत

तोवर उपलब्ध साधने नेटकेपणाने वापरणे रहिवाशांच्या हाती आहे. एका निवेदनात एकच मागणी असावी. दहा मागण्या दहा खात्यांत विखुरतात आणि कोणतेच खाते उत्तरदायी राहत नाही. सहीपुढे पूर्ण नाव, पत्ता आणि शक्य असल्यास मतदारयादीतील क्रमांक असावा. मूळ प्रत संबंधित खातेप्रमुखाला, प्रती प्रभाग अधिकाऱ्याला, नगरसचिवांना आणि प्रभागातील सर्व नगरसेवकांना द्याव्यात व प्रत्येक ठिकाणची दिनांकित पोच घ्यावी. नगरसेवकाकडे केवळ ‘लक्ष घाला’ असे न म्हणता सभागृहात ठरावाची सूचना वा लेखी प्रश्न देण्याची नेमकी मागणी करावी.

उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ उपयोगी पडतो. आवक क्रमांक नमूद करून निवेदनावरील कार्यवाही आणि टिप्पणीच्या प्रती मागितल्या, तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना कळवण्याचे बंधनही याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. मागणी मान्य होईलच असे नाही. पण ती का नाकारली, हे लेखी मिळणे ही पुढील लढ्याची पहिली पायरी असते.

खरी गरज साध्या नियमाची आहे. प्रभागातील ठरावीक टक्के मतदारांनी पडताळणी झालेल्या सह्यांनिशी मागणी केली, तर ती प्रभाग समितीच्या पुढच्या सभेत चर्चेला येईल आणि त्यावरील निर्णय कारणांसह कळवला जाईल, एवढाच तो नियम. बनावट सह्या आणि राजकीय हेतूने गोळा केलेली गर्दी यांची भीती व्यक्त होईल. तिचे उत्तर पडताळणीत आहे, दार बंद ठेवण्यात नाही. गठ्ठ्याने सह्या जमवू शकणाऱ्या मोठ्या गृहसंकुलांचाच आवाज चढू नये, म्हणून वस्त्यांमधील रहिवाशांना प्रभाग कार्यालयातच सही नोंदवण्याची सोय करता येईल. दारूचे दुकान बंद करण्यासाठी जी पद्धत चालते, ती पाण्याच्या नळासाठी का चालू नये, या प्रश्नाचे उत्तर नव्या सभागृहांना द्यावे लागेल.