डोळे झाका, मग ऐका

हेडफोनवर संगीत ऐकणे हा आता एक मोठ्या खर्चाचा छंद होऊन बसला आहे. भारी हेडफोन घेतला की त्याच्यासाठी वेगळा विवर्धक (अॅम्प्लिफायर) हवाच, असे सांगणारे जाणकार भेटतात. मग विवर्धकांची तुलना सुरू होते. एकाचा आवाज म्हणे मखमली, दुसऱ्याचा कोरडा. तिसऱ्यात तर तबल्यावर बोट कोठे पडले तेही कळते! किंमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. माझे स्पष्ट मत असे की, यांतील बहुतेक तुलना या तुलनाच नव्हेत. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण जे साधे नियम पाळतो, तेही येथे पाळलेले नसतात.

प्रथम विवर्धकाची बाजू पाहू. काही ठिकाणी त्याची गरज खरोखरच असते. हेडफोनचा रोध ३२ ओहम असेल, तर १ व्होल्ट दाबाने त्याला सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती मिळते. रोध ३०० ओहम असेल, तर त्याच दाबाने ३.३ मिलिवॉटच मिळते. ३१ मिलिवॉट हवे असतील तर दाब ३ व्होल्टच्या वर न्यावा लागतो. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, हे सूत्र वापरून तुम्हीच पडताळा घ्या. साध्या फोनला एवढा दाब बहुधा देता येत नाही. तेथे विवर्धक हवा.

दुसरा फरकही खरा आहे. विद्युत् घटाला जसा अंतर्गत रोध असतो, तसा विवर्धकालाही असतो. आता समजा, एका हेडफोनचा रोध बहुतेक स्वरांना ३० ओहम आहे. पण खालच्या एका कंप्रतेला त्याचा पडदा अनुनादित होतो व तेथे हा रोध ९० ओहम होतो. विवर्धकाचा अंतर्गत रोधही ३० ओहम असेल, तर इतर स्वरांच्या वेळी निम्मा दाब हेडफोनला मिळेल आणि त्या खालच्या स्वराला पाऊण. म्हणजे तो स्वर दीडपट दाबाने, सुमारे साडेतीन डेसिबलने, चढा वाजेल. हा फरक कानाला सहज कळतो. पण अंतर्गत रोध १ ओहम असेल, तर हाच फरक डेसिबलच्या पाचव्या हिश्श्याइतका उरतो. 'भारदस्त' आवाजाचे रहस्य कित्येकदा एवढेच असते. आणि ते गणिताने सांगता येते, त्यासाठी विशेषणे लागत नाहीत.

मग उरते काय? खरखर आणि विकृती. अमेरिकेत १९२७ साली हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याला नावेतून कामावर जाताना एक युक्ती सुचली व ती त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच उतरवली. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, की विकृती आपोआप कमी होते. हाच 'निगेटिव्ह फीडबॅक'. या युक्तीने व पुढच्या सुधारणांनी ही दोन्ही दुखणी इतकी कमी झाली आहेत की, नीट बांधलेला बेताच्या किंमतीचा विवर्धकही ती कानाला जाणवू देत नाही. २०११ साली एका निनावी अभियंत्याने 'ओ-२' नावाच्या हेडफोन विवर्धकाचा संपूर्ण आराखडा, सर्व मोजमापांसह, जगाला खुला केला. त्यात सहज मिळणारे सुटे भागच वापरलेले होते.

असे असूनही लोकांना फरक ऐकू येतो. ते खोटे बोलतात काय? मुळीच नाही. त्यांना फरक खरोखरच जाणवतो. फक्त तो विवर्धकातला असतोच असे नाही. हार्वे फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच स्वर भरून येतात. त्यामुळे दोनपैकी एक विवर्धक कणभर मोठा वाजत असेल, तर ऐकणारा 'हा मोठा वाजतो' असे म्हणत नाही. 'हा अधिक सुरेल आहे' असे म्हणतो. शिवाय डोळ्यांना जाड अॅल्युमिनियमची पेटी दिसत असते, मनाला किंमत ठाऊक असते. कान एकटा कधीच ऐकत नाही.

यावर उपाय जुनाच आहे. आवाज समान करा आणि डोळे झाका. मन्सन यांनीच गार्डनर या सहकाऱ्याबरोबर १९५० साली अशी चाचणी मांडली. पहिला आवाज 'क', दुसरा 'ख', आणि तिसरा या दोहोंपैकीच एक. तो कोणता ते ओळखायचे. इंग्लंडमधील 'क्वाड' या कारखान्याने १९७८ साली आपले तीन विवर्धक अशाच रीतीने, नाव न कळू देता, अनुभवी श्रोत्यांना ऐकवले. त्यांत एक जुना व्हॉल्व्हचा होता आणि दोन ट्रँझिस्टरचे. हे विवर्धक हेडफोनचे नसून ध्वनिक्षेपकांचे होते, पण प्रश्न तोच. श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून दिलेल्या उत्तरांहून सरस निघाली नाहीत.

यावर काही जण म्हणतात, घाईच्या चाचणीत बारकावे हरवतात. मान्य! मग एकेक विवर्धक आठवडाभर ऐका. फक्त पेटीवर कापड टाका व नाव दुसऱ्याजवळ ठेवा. आणखी एक आक्षेप असा की, ओळखता आले नाही म्हणून फरक नाहीच हे सिद्ध होत नाही. तेही खरे. पण फरक आहे असे म्हणणाऱ्यानेच तो दाखवावा, ही विज्ञानाची रीत आहे. विशेषतः त्या फरकासाठी कोणी लाखभर रुपये मोजणार असेल तेव्हा.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. दोन विवर्धक मिळाले तर उत्तमच. हेडफोन जोडलेला ठेवून ४०० हर्ट्झचा अखंड सूर वाजवा व मल्टीमीटरने दोन्हींचा दाब शक्य तितका, एक टक्क्याच्या आत, सारखा करा. पडद्याआड बसलेल्या मित्राने नाणे उडवून विवर्धक निवडावा. असे सोळा वेळा करा. केवळ अंदाजाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्या आत आहे. आवाज मात्र बेताचाच ठेवा. तुलनेच्या भरात बिघडलेला कान कोणताही विवर्धक दुरुस्त करू शकत नाही.

विवर्धक नसतील तर एक फोन पुरे. तेच गाणे त्याच फोनवर दोनदा ऐकवा. दुसऱ्या वेळी आवाज एकच पायरी वाढवा. पण सांगताना 'पहिला साधा, दुसरा महागडा' असे सांगा. मुलांना आवाजाचे वर्णन लिहायला लावा आणि मगच खरे काय ते उघड करा. शिक्षकांना विनंती अशी की, या वेळी कोणाला हसू देऊ नका. फसलेला विद्यार्थी चुकीचे ऐकत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच सदोष होता. प्रश्न नीट कसा विचारावा, हेच तर विज्ञानाच्या तासाला शिकायचे असते.