मोळीचा दंड आणि चारित्र्याचा दाखला



परदेशातल्या माणसाला भारताचं नागरिक व्हायचं असेल तर तो चांगल्या चारित्र्याचा असावा लागतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात तसं लिहिलं आहे. आपण तर इथलेच, आपल्याला कुणाकडे नागरिकत्व मागायचं नाही. पण पोरगा सरकारी नोकरीला लागायचा झाला की त्याचंही चारित्र्य पोलीस तपासतात. आपल्या पाड्यावर ते ठरतं सरपणाच्या मोळीवरून, नाहीतर कुडाला तोडलेल्या काठ्यांवरून. ठेकेदाराचा ट्रक रात्री जातो, त्याचं चारित्र्य कोण विचारतो?

मागच्या भरतीत आपला एक पोरगा पास झाला. फॉर्ममध्ये विचारलं होतं, कधी अटक, खटला, कोर्टाचा दंड, शिक्षा झाली का? त्यानं 'नाही' लिहिलं. दोन वर्षांपूर्वी काठ्या आणताना तो धरला गेला होता आणि कोर्टात 'कबूल' बोलून दंड भरून आला होता. आई म्हणाली, "दंड भरला म्हंजे मिटलं ना?" नाही मिटलं. नोकरी गेली ती काठ्यांपायी नाही, माहिती लपवली म्हणून.

दंड आणि दंड सारखा नसतो, हे नीट समजून घ्या. वन कायद्याच्या कलम ६८ खाली अधिकारी पैसे घेऊन, पावती देऊन मामला मिटवतो. ती कोर्टाची शिक्षा नव्हे. गार्ड बिनपावतीचे घेतो त्याला तर दंड म्हणूच नका. पण कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हटलं की आपण गुन्हेगार ठरतो, मग दंड दहा रुपये का असेना.

लोक कबूल का करतात ते आम्हाला ठाऊक आहे. तारखेवर तारीख पडते, एसटीचं भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते. आम्हीसुद्धा गेल्या साली सांगत होतो, कबूल करा अन् मोकळे व्हा. ते आमचं चुकलं.

यापुढे कबुलीआधी कार्यकर्त्याला विचारा, गरिबाला फुकट वकील मिळतो तो मागा. गुन्हा शाबित झालाच तर १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. त्याखाली कोर्ट ताकीद देऊन किंवा बाँडवर सोडू शकतं, आणि तसं सोडलं तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मागितल्याशिवाय हे कुणी देत नाही. आणि फॉर्ममध्ये मात्र खरं तेच लिहायचं.

पावत्या चुलीत घालू नका. प्लॉटवर नांगर धरला म्हणून झालेल्या दंडाची जुनी पावती हा तर आपल्या कसवणुकीचा पुरावा. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी ठराव २७ डिसेंबर १९७८ चा आहे, आणि तिथे तारखेचा कागद मागतात. म्हाताऱ्यांच्या पेट्या, छपरातल्या नळ्या बघा. पुढच्या बैठकीला सगळे कागद घेऊन या. ज्यांच्या पोरांना यंदा फॉर्म भरायचे आहेत त्यांनी पोरांनाही आणा, फॉर्म तिथेच बसून भरू.