गोळी अम्मांची, माहिती मुलाला

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन आकडे असतात : १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. शिकलेल्या माणसाला हे एका नजरेत कळते. पण ज्या दादी कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यांच्यासाठी ती चिठ्ठी कोऱ्या कागदासारखीच. त्या तिची घडी घालतात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात आणि कुणी विचारले तर म्हणतात, "बेटे को मालूम है."

बेट्याला माहीत असते, हे खरे. आमच्या राहुरीत घरोघरी हेच दिसते. अब्बांना बीपी, अम्मांना शुगर. त्यांना नगरला किंवा लोणीला दाखवायला मुलगा नेतो, डॉक्टरांशी मुलगा बोलतो, मेडिकलमधून औषधे मुलगा आणतो. ही खिदमत मोठी आहे, अल्लाह तिचा अज्र देवो. पण मुलगा सकाळी कामावर जातो, सून मुलांना शाळेत सोडायला जाते. नेमके तेव्हाच अम्मांचे हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, डोके गरगरते. साखर फार खाली गेली की असे होते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. शुगर झाली म्हणजे गोड खायचे नाही, एवढेच त्यांनी ऐकलेले असते. म्हणून साखरेचा डबा हाताशी असूनही त्या तशाच पडून राहतात.

अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाने तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि मग काहीतरी खाऊन घ्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. एवढी माहिती जीव वाचवू शकते. पण ती कामावर गेलेल्या मुलाच्या डोक्यात असून काय उपयोग? ती अम्मांजवळ हवी.

यावर लोक म्हणतात, "म्हातारी माणसे, शिकलेली नाहीत, त्यांना काय कळणार?" २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ४४ टक्केच साक्षर होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण जेमतेम २८ टक्के होते. आकडे खरे आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या बायका बाळंतपणे करू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या, रक्तदाब मोजू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे डॉक्टर हे काम पाहायला जामखेडला येऊ लागले. लिहिता न येणारी बाई दुसऱ्याचा रक्तदाब मोजायला शिकते, तर आपल्या अम्मा स्वतःच्या चार गोळ्या ओळखायला शिकणार नाहीत का? नीट शिकवणारा हवा.

शिकवताना त्यांना जे येते तिथून सुरुवात करावी. आपल्या बुजुर्गांना घड्याळ वाचता येत नसेल, पण अजान कळते. तेव्हा "१-०-१" ऐवजी "सकाळची गोळी न्याहारीबरोबर, रात्रीची मगरिबनंतर जेवताना" असे सांगितले तर ते विसरत नाहीत. फजर आणि मगरिबची वेळ ऋतूप्रमाणे पुढेमागे होते. म्हणून कोणती गोळी रिकाम्या पोटी, कोणती जेवणाबरोबर आणि कोणती ठरल्या तासालाच घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

लिपीचेही तसेच आहे. मराठी किंवा इंग्रजी न वाचणाऱ्या कितीतरी दादी-नानी रोज तिलावत करतात. ज्यांना उर्दू वाचता येते त्यांच्यासाठी घरातल्या मुलाने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत उर्दूत लिहावे : गोळीचे नाव, कशासाठी, केव्हा. ज्यांना तेही येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढावा आणि रिकाम्या झालेल्या पट्टीचा तुकडा शेजारी चिकटवावा. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पाचवीचे मूल हे काम एका दुपारी करते, आणि दादीची आठवण ठेवणे त्यालाही लागते.

नुसते सांगून मात्र भागत नाही. "समजले का?" असे विचारले की वर्गातली सगळी मुले माना डोलावतात. दवाखान्यात बुजुर्गही तेच करतात. डॉक्टर घाईत, मागे रांग, प्रश्न विचारायचा संकोच. म्हणून घरी आल्यावर त्यांनाच सांगायला लावावे : "अम्मा, आता तुम्ही मला सांगा, ही पांढरी कशाची? एखाद्या दिवशी राहिली तर काय करायचे?" त्या अडखळल्या तर आपले सांगणे कमी पडले असे समजावे आणि पुन्हा सांगावे. यात रागवायचे काही नाही.

गोळीचा रंग लक्षात ठेवणे ही पहिली पायरी झाली, पण तेवढ्यावर विसंबू नये. आमच्या ओळखीच्या एका घरात चाचांना दोन ठिकाणांहून औषधे मिळत होती. पट्ट्यांचे रंग वेगळे, कंपन्यांची नावे वेगळी. चाचा दोन्ही घेत आणि उठताना त्यांना चक्कर येई. सुनेने एके दिवशी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून मूळ औषधाचे नाव वाचले. ते एकच होते! बीपीचे औषध दुप्पट पोटात जात होते. डॉक्टरांना दाखवल्यावर एक पट्टी बंद झाली. म्हणून कुठल्याही दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. गुडघे दुखतात, सजद्यात त्रास होतो म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात असाव्यात. काही वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढते आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो.

आणखी एक चूक घरोघरी होते. बीपी मोजले, बरोबर आले, मग गोळी बंद! पण ते बरोबर आले ते गोळीमुळेच. बीपी बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून ते गेले असे वाटते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही गोळी थांबवू नये.

शुगर असणाऱ्यांनी रोज पाय पाहायचे असतात, कारण पायाची जाणीव कमी झाली की काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. आपल्याकडे तर वजूच्या निमित्ताने पाय दिवसातून अनेकदा धुतले जातात. त्यातल्या एका वजूच्या वेळी तळवा आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात, नंतर कोरड्या पुसाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवाला दाखवावे.

रमजानचा विषय नाजूक आहे. बुजुर्गांना रोजा सोडवत नाही आणि गोळ्यांच्या वेळा ते आपल्या मनाने बदलतात. आजाऱ्याला रोजाची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. शुगरच्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी केलेल्या मार्गदर्शनात रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी तपासणी सुचवली आहे. म्हणजे रजबमध्येच डॉक्टरांना विचारावे : रोजा ठेवू का, ठेवला तर सेहरीला किती गोळ्या आणि इफ्तारला किती? बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे त्यात उलेमांच्या मताने सांगितले आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असेही सांगितले आहे. हे आकडे मुलाइतकेच अब्बांनाही पाठ हवेत. साखर खाली जाईल तेव्हा मुलगा शेजारी असेलच असे नाही.

शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, असे आपण मानतो. ती ज्याच्या हवाली केली, त्याला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नसावे, हे बरे नाही. मुलाने फाइल जरूर सांभाळावी, पण फाइलमध्ये काय आहे ते अम्मांनाही समजावे.

या जुम्याला दुपारच्या जेवणानंतर घरातल्या बुजुर्गांजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारा : तुम्हाला कोणता आजार आहे? कोणती गोळी कशासाठी घेता? अचानक बरे वाटेनासे झाले तर काय कराल आणि कुणाला हाक माराल? उत्तरे आली तर अल्हम्दुलिल्लाह. नाही आली, तर पुठ्ठा आणि पेन घ्या आणि नातवंडांना हाक मारा.