दारावरचा कागद



२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा तुमच्यापैकी काहीजण बालवाडीत असतील, काही तर पाळण्यात! म्हणून आजची गोष्ट आईबाबांबरोबर वाचा. त्यांना ते दिवस चांगले आठवत असतील.

त्या वर्षी १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. घरोघरी जाऊन ताप आणि रक्तातला ऑक्सिजन तपासायचा. मलाही ते काम होतं. जठारपेठेत फिरता फिरता मी आमच्या प्रेसवाल्या काकांकडे पोहोचले. त्यांच्या मुलाला कोरोना झाला होता, म्हणून दारावर गृह विलगीकरणाचा कागद लावलेला होता. आता मुलगा बरा झाला होता, घरच्यांचे चौदा दिवस संपले होते, कागदही निघाला होता. पण प्रेसची गाडी रिकामीच उभी!

काका म्हणाले, "बाई, आमी सारे बरे हावो. पन कपडे कोनीच आनून देत नाही."

मी मान खाली घातली. का, सांगू? माझ्या घरी चार सुती साड्या चुरगळलेल्या पडून होत्या. मीसुद्धा त्या दिल्या नव्हत्या! शाळा बंद असली तरी माझा पगार चालू होता. काकांचं तसं नव्हतं. गाडी उभी राहिली, की त्या दिवसाची चूल कशी पेटवायची हा प्रश्न!

आता विचार करा. कोरोनाची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चौदा दिवसही लागू शकतात. तेवढे दिवस ते घर आत थांबलं, ते कुणासाठी? आपल्यासाठीच ना! रोजी बुडाली त्यांची, जपले गेलो आपण. आणि आपण मात्र त्यांच्याकडे गुन्हेगारासारखं पाहिलं.

हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला बरं का! ९ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने सांगितलं, की अधिकाऱ्यांनी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा आदेश दिलेला नसेल, तर रुग्णांच्या घरांवर असे कागद लावू नयेत.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी आली. त्या वेळी आमच्या गल्लीने ठरवलं, की ज्यांचं दार बंद, त्यांच्या ओट्यावर दूध-भाजी ठेवायची आणि फोन करून सांगायचं. पैशांचं नंतर पाहू! आणि काकांकडे पहिलं गाठोडं कुणाचं गेलं असेल? ओळखलंत ना!

तुमच्या वर्गातही कुणाला कांजिण्या येतात, कुणाचे डोळे येतात. तो घरी थांबतो, म्हणून तुम्ही ठणठणीत राहता. तो बरा होऊन परत आला, की त्याच्यापासून दूर सरकू नका. आपल्या बाकावर जागा द्या, बुडालेल्या अभ्यासाची वही द्या.

एवढाच या आठवड्याचा गृहपाठ. कराल ना?

तुमच्या बाई