प्रबंध उदंड, संशोधन किती?

नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले, त्यास आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तोपर्यंत निरनिराळ्या विद्यापीठांच्या छायेत विखुरलेली वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आदी शास्त्रांची शेकडो महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. अभ्यासक्रमास व परीक्षांस एकसूत्रीपणा आला, हे श्रेय विद्यापीठास निःसंकोचपणे दिले पाहिजे. परंतु परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच कार्य असते, तर त्यास परीक्षा मंडळ म्हटले तरी चालले असते. विद्यापीठ हे नाव धारण करणाऱ्या संस्थेने ज्ञानाच्या भांडवलात भर घातली पाहिजे. ती भर किती पडते, हा प्रश्न आज आम्ही विचारीत आहोत. तो केवळ वैद्यकांचा प्रश्न नव्हे. ज्यांच्या घरी केव्हा ना केव्हा आजारपण येते त्या सर्वांचा आहे.

साऱ्या देशाची स्थिती प्रथम पाहू. डॉ. समिरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दशकात भारतीय वैद्यकीय संस्थांतून प्रसिद्ध झालेल्या शोधलेखांची मोजदाद करून ती २०१६ साली प्रकाशित केली. पाहणीतील ५७९ संस्थांपैकी वर्षाकाठी शंभराहून अधिक लेख देणाऱ्या संस्था अवघ्या २५ भरल्या. एकूण लेखांपैकी सुमारे ४० टक्के लेख त्या पंचवीसांचेच होते. आणि ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही लेख नव्हता! हे आकडे एकट्या महाराष्ट्राचे नव्हेत. पण महाराष्ट्राने त्यांकडे परक्याच्या घरची गोष्ट म्हणून पाहावे, असेही नाही.

आश्चर्य असे की, लिहिणाऱ्यांचा मात्र तुटवडा नाही. एम.डी. किंवा एम.एस. होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक प्रबंध लिहावाच लागतो. म्हणजे दरवर्षी विषय निवडले जातात, रुग्ण तपासले जातात, तक्ते भरले जातात, बांधणीच्या प्रती सादर होतात. मग एवढ्या खटाटोपाचे पुढे होते काय? प्रबंध मान्य झाला की त्याचे काम संपले, अशी समजूत आहे. ज्या रुग्णांनी आपले रक्त, आपला वेळ आणि आपला विश्वास त्यासाठी दिला, त्यांना त्यातून काय निष्पन्न झाले हे कोणी सांगत नाही. आणि तोच प्रश्न शेजारच्या जिल्ह्यातील दुसरा विद्यार्थी पुन्हा नव्याने पन्नास-साठ रुग्णांवर सोडवावयास बसतो.

आमच्या शिक्षकी दिवसांतील एक अनुभव येथे आठवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना लोलकाचा प्रयोग करावयास सांगितला की, काही हुशार मुले उत्तर आधी लिहीत आणि निरीक्षणे मागाहून भरीत. त्यांची प्रयोगवही वर्गात सर्वांत नीटनेटकी असे. ज्याच्या वहीत खाडाखोड असे, ज्याचे उत्तर चुकलेले असे, त्यानेच लोलक खरोखर हलवलेला असे! आम्ही गुण मात्र नीटनेटक्या वहीला देत होतो. चूक मुलांची जेवढी, त्याहून अधिक आमची होती. आज वैद्यकीय शिक्षणात नेमकी हीच चूक मोठ्या प्रमाणावर होत आहे.

अध्यापकांच्या पदोन्नतीस शोधलेखांची अट घालण्यात आली, तिच्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु अट संख्येची असली की पुरवठाही संख्येचाच होतो. लेखकाकडून पैसे घ्यावयाचे, परीक्षणाचा देखावा करावयाचा आणि काहीही छापावयाचे, अशा नियतकालिकांचा बाजारच त्यातून भरला. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन यादीची छाननी केली. निरनिराळ्या विद्यापीठांच्या शिफारशीवरून तीत गेलेल्या आणि अन्य मान्य सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिफारस करणारी विद्यापीठेच असतील, तर दोष कोणास द्यावा?

मग खरे संशोधन कशास म्हणावे? त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हा क्रम त्यांनी ओळखला. ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ साली त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त औषधाचा त्यांनी उपयोग केला. त्याचा वृत्तांत १९८६ साली त्याच पत्रात आला, आणि तीव्र विषबाधेतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरोघरच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. ३९ गावांची तुलना दुसऱ्या ४७ गावांशी केली. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. हा लेख १९९९ सालचा. ना बिरवाडीस संगमरवरी प्रयोगशाळा होती, ना गडचिरोलीस. दोन्हीकडे प्रश्न रुग्णाच्या अंगणातला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत मोजमाप सोडावयाचे नाही, हा निर्धार होता.

यावर आक्षेप येईल की, शासकीय रुग्णालयातील निवासी डॉक्टरास धड झोपही मिळत नाही, त्याने संशोधन केव्हा करावे? आक्षेप अगदी रास्त आहे, आणि तो आमच्याच बाजूचा आहे. ज्यास वेळ नाही, त्याच्याकडून सक्तीने प्रबंध लिहवून घेतल्याने संशोधन वाढत नाही, अप्रामाणिकपणा मात्र वाढतो. प्रत्येक शल्यविशारद संशोधक झालाच पाहिजे, असे नाही. दहा हजार पोकळ लेखांपेक्षा दहा भरीव लेख महाराष्ट्रास अधिक उपयोगी पडतील.

तेव्हा विद्यापीठाने काय करावे? पहिली गोष्ट, मान्य झालेला प्रत्येक प्रबंध रुग्णांची ओळख गुप्त राखून कोणासही वाचता येईल असा खुला ठेवावा, आणि त्यास एका पृष्ठाचा सुबोध मराठी सारांश जोडावा. सर्वांनी पाहावयाचे आहे म्हटले, की लिहिणारा आणि तपासणारा दोघेही सावध होतात. दुसरी गोष्ट, उत्तर नकारार्थी आले म्हणून प्रबंध कमी प्रतीचा मानू नये. अमुक औषध लागू पडत नाही, हे कळणे हेही ज्ञानच आहे. तिसरी गोष्ट, बढतीसाठी लेखांची संख्या मोजण्याऐवजी उमेदवाराचे उत्तम असे दोन लेख तज्ज्ञांनी प्रत्यक्ष वाचावेत. वाचण्याचा कंटाळा हेच मोजण्याच्या सोसाचे खरे कारण आहे.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकाच विद्यापीठाची महाविद्यालये पसरलेली असणे, हे भाग्य जगातील फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्यास आले असेल. सर्पदंश घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्याची गणना उपेक्षित रोगांत केली. आपल्या शेतकऱ्यास मात्र तो दर पावसाळ्यात भेटतो. विदर्भातील आणि नंदुरबारकडील सिकलसेल घ्या, तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग घ्या. असा एकेक प्रश्न निवडून वीस महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एकाच पद्धतीने टिपणे ठेवली, तर पन्नास-पन्नास रुग्णांचे वीस दुबळे प्रबंध न होता हजार रुग्णांचा एक समर्थ अभ्यास उभा राहील. त्यास नवीन इमारत लागत नाही. सुवाच्य केसपेपर, समान तक्ता आणि एकमेकांशी बोलण्याची तयारी एवढे पुरे.

सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेत तासन्‌तास उभा राहणारा गरीब रुग्ण विद्यापीठाचा खरा गुरू आहे. आपल्या व्याधीने तो भावी डॉक्टरांस शिकवितो आणि मोबदला मागत नाही. त्याने शिकविलेला धडा नीट टिपून ठेवावा आणि त्याच्यामागून येणाऱ्यास त्याचा लाभ व्हावा, एवढी गुरुदक्षिणा देण्याचे कर्तव्य विद्यापीठावर आहे. ती आजवर पुरती दिली गेलेली नाही.