केळुसकर गुरुजींचे स्मरण

जुने वर्गमित्र जमले की लाडक्या सरांच्या तसबिरीसाठी वर्गणी निघते. कृतज्ञता योग्यच, मार्ग मात्र आम्हांस तोकडा वाटतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कुलात शिकवीत. बाबासाहेब एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. तरीही चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, १९०७ साली तो मॅट्रिक होताच स्वलिखित बुद्धचरित्र त्यास भेट दिले आणि पुढे शिष्यवृत्तीसाठी सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. पुस्तकाची आठवण सारेच काढतात, त्या शब्दाची क्वचितच. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबही निरनिराळ्या दात्यांनी एकेक करून दिले. तेव्हा तसबिरीच्या वर्गणीतून, दहावीनंतर शिक्षण थांबलेल्या मावळातील एखाद्या मुलीचा वसतिगृहाचा खर्च उचलावा. मग ती आपल्या शाळेची असो वा नसो. पहिला हप्ता आम्ही शिक्षक भरू.